मुठीतला क्रूस

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या जुन्या चित्रफिती पाहताना नजर आपसूक कोर्टावर जाते. साडेसहा-सात फुटी पोरं, बुटांची किरकिर, बँडचा दणदणाट. पण १९६० आणि ७०च्या दशकांतले यूसीएलएचे, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सामने पाहाल, तेव्हा जरा बाकाकडेही लक्ष द्या. तिथे चष्मा लावलेला, भांग नीट पाडलेला, कोट-टायमधला एक गृहस्थ बसलेला दिसेल. एखाद्या हायस्कुलातले गणिताचे सर शोभावेत असा. एका हातात सामन्याच्या माहितीपत्रकाची सुरळी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

त्या मुठीत एक लहानसा क्रूस असे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात दाखल होताना त्यांच्या चर्चच्या पाळकांनी तो दिला होता. पुढे तीस वर्षं सामन्याच्या वेळी तो हातात राहिला. प्रेक्षकांना दिसत नसे, टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसत नसे, खेळाडूंतल्याही अनेकांना फार उशिरा कळलं. क्रूस जिंकण्यासाठी नाही, स्वतःला ताब्यात ठेवण्यासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं.

या गृहस्थांचं नाव जॉन वुडन. १२ वर्षांत १० राष्ट्रीय अजिंक्यपदं, त्यातली ७ ओळीने. सलग ८८ सामन्यांत विजय. संपूर्ण मोसमात एकही सामना न गमावण्याचा पराक्रम चार वेळा. अमेरिकन पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दुसऱ्या कुणालाही हे जमलेलं नाही. पण विक्रमांची यादी द्यायला हा लेख नाही. मला कुतूहल आहे ते त्या मुठीचं. ज्यांनी वुडनना आयुष्यभर गुरू मानलं, त्यांत एक मुसलमान झाला, एक युद्धविरोधी बंडखोर निघाला. त्यांचा धर्म कुणी घेतला नाही आणि तरी त्यांच्यापासून काहीतरी सगळ्यांनी घेतलं. ते काय होतं?

पाळकांच्या प्रवचनांतून फिरणारी एक जुनी कल्पना वुडनना फार आवडे: ख्रिस्ती असल्याच्या आरोपावरून आपल्यावर कधी खटला भरलाच, तर शिक्षा होण्याइतका पुरावा सापडावा. तेव्हा तो पुरावाच तपासून पाहू.

टोपली आणि चर्च

आधी या खेळाच्या कुळाबद्दल दोन शब्द. बास्केटबॉलचा जन्मच धर्मशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातून झाला. कॅनडातले जेम्स नेस्मिथ हे ईश्वरशास्त्राचे पदवीधर. धर्मोपदेशकाची वाट सोडून ते अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत व्यायामशिक्षक झाले. व्यासपीठावरून जे साधत नाही ते मैदानावर साधेल, अशी त्यांची धारणा. डिसेंबर १८९१ मध्ये, थंडीने घरात कोंडलेल्या आडदांड विद्यार्थ्यांना गुंतवण्यासाठी त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. गंमत अशी, की पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून त्यांनी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त. त्या विद्यापीठाच्या इतिहासात असा हिशेब असलेले प्रशिक्षक ते एकटेच, आणि खेळ त्यांचाच!

खेळातून शील घडतं, या विचारावर तेव्हापासून ढीगभर भाषणं झाली आहेत. प्रत्यक्षात खेळातून शील बिघडल्याचे दाखलेही काही कमी नाहीत. सगळं शिकवणाऱ्यावर अवलंबून असतं.

सेंटरटनचं शेत

जॉन वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा, इंडियाना राज्यातला. सेंटरटन गावाजवळच्या शेतावर ते वाढले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. आईने जुन्या पायमोज्यात चिंध्या कोंबून चेंडू शिवला, वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गोठ्याच्या भिंतीला ठोकली. चार भाऊ तिथे खेळत. रात्री दिव्याच्या उजेडात वडील, जोशुआ वुडन, बायबल वाचून दाखवत आणि त्यानंतर कविता. दोन्ही रोज.

वडिलांची एक गोष्ट वुडन म्हातारपणीही सांगत. गावाजवळच्या खडीच्या खाणीतून भरलेली गाडी चढावरून वर काढताना एका तरुण शेतकऱ्याची घोड्यांची जोडी अडली. तो आरडाओरडा करत चाबूक ओढत होता, घोडी तोंडाला फेस आणून बिथरली होती. जोशुआ पुढे गेले, दोन्ही घोड्यांच्या मधे उभे राहिले, हळू आवाजात बोलत त्यांना थोपटत राहिले. मग लगाम धरून सहज चालायला लागले आणि गाडी वर आली. जवळ उभ्या असलेल्या पोराने हे पाहिलं. बैलजोडी ज्याने कधी हाकली असेल, त्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

पुढे डुकरांना टोचलेली लस खराब निघाली, जनावरं मेली, कर्ज फिटेना आणि शेत गेलं. वडिलांनी ना लस विकणाऱ्याला शिव्या दिल्या, ना नशिबाला. कुटुंब मार्टिन्सव्हिल या छोट्या शहरात आलं आणि वडील तिथल्या आरोग्यधामात नोकरीला लागले. मुलांना त्यांनी सहा निषेध घालून दिले होते. खोटं बोलू नका, फसवू नका, चोरू नका. कुरकुर नको, तक्रार नको, सबबी नकोत. यातले पहिले तीन कुठल्याही धर्मात सापडतील. पुढचे तीन मात्र शेत गमावून गप्प राहिलेल्या माणसाने सांगितले, म्हणून मुलांच्या मनात रुजले.

प्राथमिक शाळा संपली तेव्हा जोशुआंनी जॉनला एक कागद दिला. त्यावर सात सूचना होत्या. स्वतःशी प्रामाणिक राहा, दुसऱ्याला मदत कर, चांगली पुस्तकं वाच आणि त्यांत बायबल आधी, रोज देवाचे आभार मान, अशा चालीच्या. वुडन तो मजकूर जन्मभर पाकिटात बाळगत राहिले. विचारलं, की सांगत, आपल्याला या सातही सूचना पूर्णपणे जमलेल्या नाहीत.

बी मिळालेल्या मुलाचे वडील

पर्ड्यू विद्यापीठात वुडन देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणले जात. पण पदवी त्यांनी इंग्रजी साहित्याची घेतली आणि पोटासाठी शाळेत मास्तरकी आणि संघाचं प्रशिक्षकपद धरलं. पहिल्याच वर्षी, केंटकीतल्या डेटन गावी, त्यांचा संघ जिंकण्यापेक्षा हरला जास्त. नंतर तसं कधी झालं नाही.

साऊथ बेंडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. शेजाऱ्याच्या मुलाला ‘सी’ श्रेणी मिळाली तर पालकांना वावगं वाटत नसे, पण आपल्या मुलाला ‘बी’ मिळाली की ते शाळेत येऊन जाब विचारत. आपल्या दहावीच्या निकालाच्या दिवशी घराघरांत काय चालतं ते आठवा, म्हणजे झालं. वुडननी १९३४ मध्ये स्वतःपुरती यशाची व्याख्या लिहून काढली. आपल्याला जितकं चांगलं होता येईल तितकं होण्यासाठी सगळी ताकद लावली, हे ठाऊक असल्याचं समाधान म्हणजे यश. त्यात गुणफलक नाही, शेजारी नाही.

या व्याख्येभोवती त्यांनी एक मनोरा रचायला घेतला. १५ चौकटींचा त्रिकोण. तळाशी मेहनत आणि उत्साह, माथ्यावर स्पर्धेत सर्वोत्तम खेळण्याची कुवत. त्याच्या चौकटी पक्क्या करायला त्यांना १४ वर्षं लागली. शिखराच्या दोन बाजूंना त्यांनी दोन शब्द ठेवले: धीर आणि श्रद्धा. हा तक्ता आज जगभरच्या कार्यालयांत आणि जिमखान्यांत लटकलेला असतो. तो लावणाऱ्यांतल्या किती जणांचं लक्ष त्या दोन शब्दांकडे जातं, कुणास ठाऊक.

संघाबाहेरचा एक खेळाडू

युद्धानंतर वुडन टेरे होट इथल्या इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात प्रशिक्षक झाले. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीतल्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं. नव्या प्रशिक्षकासाठी केवढी संधी! पण या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि वुडनच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. तो काही संघाचा तारा नव्हता, बहुतेक वेळ बाकावर असे. त्याला घरी ठेवून बाकीच्यांना नेलं असतं तरी निकालात फरक पडला नसता. वुडननी निमंत्रण नाकारलं.

पुढच्या वर्षी आयोजकांवर दबाव वाढला, नियम उठला. १९४८ मध्ये वॉकर त्या स्पर्धेत उतरला. तिथे खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. तरी संघाबरोबर हॉटेलात राहायला त्याला मनाई होती. त्याची सोय शहरातल्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी करावी लागली. संघ अंतिम सामन्यात हरला.

या नकारासाठी वुडननी मोर्चा काढला नाही, पत्रक काढलं नाही. ही त्यांची ताकद आणि, पुढे दिसेल तशी, मर्यादाही.

मोजे कसे घालावेत

१९४८ मध्ये दोन विद्यापीठांची बोलणी त्यांच्याशी चालू होती. वुडनचा ओढा मिनेसोटाकडे होता. माणूस मध्यपश्चिमेतला, घराजवळचं ठिकाण. ठरलेल्या संध्याकाळी मिनेसोटाचा फोन आला नाही. मागून यूसीएलएचा आला, वुडन हो म्हणाले. थोड्या वेळाने मिनेसोटाचा फोन लागला. हिमवादळात तारा तुटल्या होत्या, नोकरी मात्र पक्की होती. वुडन म्हणाले, आता शब्द दिला आहे. कागदावर सही कुठे झाली होती? पण ते लॉस एंजेलिसला गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

तिथलं व्यायामगृह इतकं कोंदट, की घामाच्या वासावरून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं. त्याच मजल्यावर कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सचे सराव चालत. सरावाआधी फरशी पुसावी लागे. वुडन आपल्या मदतनिसांबरोबर स्वतः फडकं आणि बादली घेऊन उतरत. पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं १९६४ मध्ये, सोळाव्या मोसमात. आजच्या जमान्यात इतकी वर्षं कुणी थांबलं असतं?

दर मोसमाच्या पहिल्या सरावाला देशभरातून निवडून आणलेले हे खेळाडू अंग मोडून बसलेले असत, आणि वुडन त्यांना मोजे कसे घालायचे ते शिकवत. मोजा टाचेपर्यंत ओढा, बोटांपाशी सुरकुती राहिली का हात फिरवून पाहा, बुटाची नाडी एकेका छिद्रापासून घट्ट करा. सुरकुतीने फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. वर्तमानपत्रांतून गाजून आलेली पोरं एकमेकांकडे पाहत. या म्हाताऱ्याचं काही खरं नाही! पुढे त्यांतल्याच अनेकांनी आपल्या मुलांना मोजे असेच घालायला शिकवले.

वुडनच्या शेवटच्या मोसमात, १९७४-७५ मध्ये, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ १५ सराव पाहायला बसले आणि त्यांनी वुडनच्या शिकवण्याची एकेक कृती वहीत टिपली. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतली निव्वळ स्तुती ७ टक्क्यांपेक्षा कमी. निव्वळ रागावणंही साधारण तितकंच. बाकी सगळं काय करायचं, कसं करायचं, याचीच माहिती. चूक झाली की वुडन आधी बरोबर हालचाल करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची, मग पुन्हा बरोबर. हे सगळं काही सेकंदांत उरके. जोशात भरवणारी भाषणं त्या नोंदींत फारशी सापडत नाहीत.

मला हे आकडे फार बोलके वाटतात. प्रेरणा म्हणजे छातीवर हात ठेवून केलेलं भाषण, असं आपण धरून चालतो. ज्यांच्यामुळे शेकडो माणसं प्रेरित झाली, त्यांच्या तोंडी प्रेरणेचा शब्द नव्हता. तीन नियम पक्के होते: वेळेवर या, शिवी देऊ नका, सहकाऱ्याला घालून पाडून बोलू नका. बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवून त्याचं ऋण मानायचं. पास देणारा पाहत नसेल तर, असं एकाने विचारलं म्हणतात. वुडनचं उत्तर: तो पाहतोच!

दोन शिष्य

१९६५ मध्ये न्यूयॉर्कहून लू अल्सिंडर हा सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा मुलगा यूसीएलएत आला. घर कॅथलिक, शाळा कॅथलिक. शाळेतल्या प्रशिक्षकांवर त्याचा जीव होता. पण एका सामन्यात त्याच्यातला सुस्तपणा झटकण्यासाठी त्यांनी मध्यंतरात त्याला कृष्णवर्णीयांसाठीची ती अर्वाच्य शिवी हासडली. त्या शब्दाने एका गुरूवरचा विश्वास तुटला. दुसऱ्या गोऱ्या, ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेल्या प्रशिक्षकाकडे हा मुलगा कुठल्या मनाने आला असेल, याची कल्पना करता येते.

अल्सिंडर वाचायचा. कृष्णवर्णीय मुसलमान नेते माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र त्याने कॉलेजात वाचलं, १९६८ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार हे नाव घेतलं. संघाच्या बसमध्ये मुलांच्या धर्मावर गप्पा चालत. हा कॅथलिक, तो बाप्टिस्ट, एक ज्यू. करीमने आपला नवा धर्म सांगितला तेव्हा वुडन ऐकत होते. त्यांनी प्रश्न विचारले, समजून घेतलं. परत वळवायचा प्रयत्न केला नाही. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या, बायबलचं रोज वाचन करणाऱ्या माणसासाठी ही सोपी गोष्ट नव्हती. आपल्या हाताखालच्या सर्वांत गुणी मुलाने आपला धर्म सोडला, तर आपल्यातले किती गुरुजी गप्प ऐकत बसतील?

करीमने १९६८ च्या ऑलिम्पिकला न जायचं ठरवलं तेव्हा देशभर टीका झाली. वुडननाही एका बाईंनी चिडून पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर पाठवून आपल्या खेळाडूची बाजू मांडली, आणि करीमपाशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कित्येक वर्षांनी ते पत्र करीमच्या पाहण्यात आलं. आभार मानायला तोवर फार उशीर झाला होता.

पण करीमनेच आपल्या आठवणींत दुसरी एक गोष्टही लिहिली आहे. वुडनबरोबर असताना एका वयस्क गोऱ्या बाईने त्याची उंची विचारली आणि उत्तर ऐकून तीच शिवी सहज उच्चारली. वुडन थिजले. चेहरा लाल झाला, पण शब्द फुटला नाही. नंतर ते करीमला म्हणाले, की सगळी माणसं अशी समजू नकोस. करीम लिहितो, की त्या क्षणी त्यांचं गप्प राहणं त्याला समजत होतं आणि सलतही होतं. १९४७ मध्ये स्पर्धा नाकारणारा माणूस एका म्हाताऱ्या बाईसमोर निःशब्द झाला. पुराव्यात हेही नोंदवायला हवं.

दुसरा शिष्य बिल वॉल्टन. लाल केस, सहा फूट अकरा इंच, सायकलवरून हिंडणारा, रॉक संगीतावर जीव टाकणारा. एकदा सुट्टीनंतर तो केस वाढवून आला. संघात आखूड केसांचा नियम होता. वॉल्टन म्हणाला, केस किती ठेवायचे हा माझा हक्क आहे. वुडन म्हणाले, खरं आहे, स्वतःच्या मतासाठी उभ्या राहणाऱ्या माणसांचा मला आदर वाटतो. बिल, आम्हाला तुझी उणीव भासेल. वॉल्टन सायकल दामटत न्हाव्याकडे गेला.

मे १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत वॉल्टनला अटक झाली. अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध कॉलेज खेळाडूचं पोलिसांच्या गाडीतलं छायाचित्र छापून आलं. वुडनना त्याचा मार्ग पटला नाही. रस्ता अडवण्यापेक्षा पत्र लिही, असं त्यांनी सुचवलं. वॉल्टन पुढे मिटक्या मारत सांगे, की मग त्याने वुडनच्याच नावाचा छापील कागद मिळवला आणि राष्ट्राध्यक्ष निक्सननी राजीनामा द्यावा असं पत्र त्यावर लिहून संघातल्या मित्रांच्या सह्या घेतल्या. वुडननी कपाळाला हात लावला असेल, पण वॉल्टनला संघातून काढलं नाही. कॉलेजात ज्या वचनांची त्याने टर उडवली, ती वॉल्टन पुढे आपल्या मुलांच्या डब्याच्या कागदी पिशव्यांवर रोज लिहून देत असे. शेवटच्या काही दशकांत तो वुडनना वरचेवर फोन करी.

पुराव्याची दुसरी बाजू

थोरामोठ्यांवर लिहिताना आरती ओवाळायचा मोह होतो. पण वुडन सामन्यात त्या माहितीपत्रकाच्या सुरळीआडून पंचांना आणि विरुद्ध संघातल्या मुलांनाही टोमणे मारत. तोंडातून शिवी कधी नाही, पण बोलणं झोंबणारं. हातातला क्रूस स्वतःला आवरण्यासाठी होता, तो उगाच नव्हे! विरुद्ध संघातल्या मुलांशी असं बोलल्याचा त्यांना उतारवयात पश्चात्ताप होई.

सात-आठ जणांवरच त्यांचा भर असे. बाकावर कुजलेल्या मुलांच्या मनात कडवटपणा साचे. १९७० च्या सत्कार समारंभात एका राखीव खेळाडूने भर सभेत ते बोलून दाखवलं, आणि सभागृह गारठलं.

सगळ्यात अवघड प्रश्न सॅम गिल्बर्ट यांचा. हे लॉस एंजेलिसमधले श्रीमंत बांधकाम व्यावसायिक यूसीएलएच्या खेळाडूंचे आश्रयदाते बनले. नियमांत न बसणारी मदत ते मुलांना करत, हे वुडन निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रांतून उघड झालं आणि १९८१ मध्ये विद्यापीठावर कारवाई झाली. वुडनना किती माहीत होतं? त्यांचं म्हणणं, आपण माणसांवर फार विश्वास टाकला. टीकाकार म्हणाले, मोज्याची सुरकुती ज्याला दिसत होती त्याला खेळाडूच्या अंगावरचा नवा कोट दिसला नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि वुडनवर प्रेम करणाऱ्यांनी तो टाळू नये.

मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून

प्रशिक्षकाच्या श्रद्धेची दुसरी एक तऱ्हा अलीकडे गाजली. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथले शालेय फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या मध्यरेषेवर गुडघे टेकून प्रार्थना करत. हळूहळू खेळाडूही त्यांच्याभोवती जमू लागले. शाळा प्रशासनाने हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ जून २०२२ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी केनेडींच्या बाजूने निकाल दिला.

केनेडींच्या भावनेवर शंका घ्यायचं कारण नाही. कायद्याचा निवाडाही झालेला आहे. पण मैदानावर वाढलेल्या कुणालाही एक गोष्ट कळते: संघात कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार, हे ज्याच्या हातात असतं त्याने गुडघे टेकले, की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला उभं राहणं जड जातं. मग त्यातली प्रार्थना किती आणि उद्याच्या संघनिवडीची काळजी किती, हे वेगळं काढता येत नाही. टिळा असो, टोपी असो, क्रूस असो. शिक्षकाच्या हातातल्या सत्तेने त्याचा अर्थ बदलतो.

वुडनचा क्रूस मुठीत होता, म्हणून करीमला इस्लामबद्दल मोकळेपणाने बोलता आलं. माझ्या मते त्यांच्या प्रभावाचं मूळ इथे आहे.

नागपाड्यापर्यंत

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८१३ पासून इथे काम करणारं अमेरिकन मराठी मिशन मराठी वाचकाला ओळखीचं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच मिशनमध्ये उमेदीची वर्षं घालवली. या मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्याच्या दाट, गरीब, मुख्यतः मुसलमान वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उघडलं. दवाखाना, वर्ग, वाचनालय आणि खेळ, आणि दार सर्व धर्मांना खुलं. तिथूनच १९३६ मध्ये मॅनशार्ट यांच्या संचालकपदाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्था सुरू झाली, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस).

नागपाडा बास्केटबॉलचं माहेरघर बनलं. याच गल्ल्यांतून आलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एका ख्रिस्ती शिक्षकाने शोधलेला खेळ मुसलमान मोहल्ल्यात रुजला, कुणी कुणाचा धर्म न बदलता. नेस्मिथ असते तर त्यांना समाधान वाटलं असतं.

नेलचं नाव आधी

वुडन १९७५ मध्ये निवृत्त झाले, दहावं अजिंक्यपद जिंकून. त्या विजयानंतर एक हितचिंतक त्यांना म्हणाले, गेल्या वर्षी निराश केलंत, त्याची भरपाई झाली! म्हणजे नऊ अजिंक्यपदांनंतरचं एक वर्षही लोकांना सहन झालं नव्हतं. शेवटच्या वर्षाचा त्यांचा पगार ३२,५०० डॉलर होता. पगारवाढ त्यांनी कधी मागितली नाही.

पत्नी नेल २१ मार्च १९८५ रोजी गेली. शाळेपासूनची साथ, प्रत्येक सामन्याआधी प्रेक्षकांत तिला शोधून खूण करायची त्यांची रीत होती. त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला ते तिला पत्र लिहीत आणि तिच्या उशीवर आधीच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवत. नजर साथ देईनाशी होईपर्यंत हा क्रम चालला. एन्सिनोतल्या त्यांच्या छोट्या घराचा फोन नंबर डिरेक्टरीत छापलेला असे. कुणीही फोन करावा, ते स्वतः उचलत. भिंतीवर त्यांच्या दोन आदर्शांच्या तसबिरी होत्या: अब्राहम लिंकन आणि आपल्या कोलकात्याच्या मदर तेरेसा.

२००३ मध्ये यूसीएलएने पॉली पॅव्हेलियनमधल्या कोर्टाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. वुडननी अट घातली, की नेलचंही नाव हवं, आणि तिचं आधी. आज तिथे ‘नेल अँड जॉन वुडन कोर्ट’ असं लिहिलेलं आहे.

४ जून २०१० रोजी, वयाच्या ९९व्या वर्षी, ते गेले. थकलेल्या वुडनचा हात धरून त्यांना सांभाळून चालवणाऱ्या करीमचं एक छायाचित्र आहे. खटल्यात बोलवायचे साक्षीदार आता समोर आहेत: बाकावर बसणारा क्लॅरेन्स वॉकर, मुसलमान झालेला करीम, निक्सनना पत्र लिहिणारा वॉल्टन. यांतल्या कुणावरही वुडननी आपला धर्म लादला नाही. आरोप सिद्ध व्हायला एवढं पुरेसं आहे.